तिसऱ्या मात्रेवर अडलेले गृहस्थ

"मॅडम, आई विचारते, ह्याच्या पुढचं कधी यायचं?" माझ्याकडे गिटार शिकणाऱ्या एका गृहस्थांनी हे हसत हसत सांगितलं, पण मला काही हसू आलं नाही. आठ महिने त्यांच्या घरात रोज रात्री एकच पीस, म्हणजे एकच रचना, वाजत होता. पहिली चार मेझर्स (मेझर म्हणजे मात्रांचा एक गट) घरातल्या सगळ्यांना पाठ झाली होती आणि मुलगी ती भांडी लावताना गुणगुणायची. उरलेला पीस घरात कुणी धड ऐकलेलाच नव्हता.

पीस म्हणजे फ्रान्सिस्को तार्रेगा (1852–1909) या स्पॅनिश गिटारवादकाची 'लाग्रिमा'. लाग्रिमा म्हणजे अश्रू. लिहिलेली मेझर्स सोळाच: आठ ई मेजर या स्वरपट्टीत, आठ ई मायनरमध्ये, आणि मग परत पहिल्या आठांवर यायचं. कागदावर पानभरसुद्धा भरत नाही, म्हणून सगळ्यांना सोपी वाटते आणि सगळे लवकर हातात घेतात. मीही ती लवकर दिली, हे आधीच कबूल करते.

गृहस्थांचं नाव देत नाही, पण लिहायला त्यांची परवानगी आहे. वय 44, राहायला डोंबिवलीत, नोकरी फोर्टातल्या एका ऑफिसात, अकाउंट्सला. माझ्याकडे तीन वर्षं दर रविवारी पाऊण तास येतात. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, सावकाश का होईना, स्वतःचं स्वतः वाचतात. लहानपणी सहा वर्षं तबला शिकलेत, प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्यात. हा तबला पुढे कामाला आला, पण तीन वर्षं मला त्याची आठवणही झाली नव्हती.

मुख्य म्हणजे माणूस आळशी नाही. रात्री जेवणं उरकली की साडेनऊला स्टुलावर पाय ठेवून बसायचे आणि पावणेअकराच्या आसपास उठायचे. आठवड्यातून सहा दिवस. नोकरी आणि लोकल सांभाळून रोज सव्वा तास देणारा प्रौढ विद्यार्थी शिकवणाऱ्याच्या वाट्याला क्वचितच येतो. त्यामुळे 'प्रॅक्टिस वाढवा' हे आमचं नेहमीचं औषध इथे देताच येत नव्हतं. तरी मी ते दोनदा देऊन पाहिलं.

आणि वाजत काय होतं? पहिल्या मेझरच्या तिसऱ्या मात्रेवर अडखळ. दर रविवारी तिथेच. "घरी येतं हो, इथेच येत नाही," हे वाक्य प्रत्येक विद्यार्थी म्हणतो. मी ते ऐकून सोडून देत असे. जूनमध्ये एकदा मनात आलं की हे घरी खरंच येतं का, हे मला ठाऊक कुठाय? तीन वर्षं मी या माणसाला वाजवताना ऐकत होते, पण प्रॅक्टिस करताना एकदाही पाहिलं नव्हतं. माझ्याकडे ग्रेडच्या परीक्षांची मुलं बरीच. ट्रिनिटी या लंडनच्या संस्थेच्या परीक्षेत तीन पीसना प्रत्येकी 22, म्हणजे शंभरातले 66 गुण. त्यामुळे पीस वरपासून खालपर्यंत ऐकायचा, चुका सांगायच्या आणि पुढच्या मुलाला बोलवायचं, ही माझी शिकवायची सवयच झाली होती. घरी गेल्यावर त्या चुकांचं पोर काय करतं, हा प्रश्न त्या सवयीत बसत नाही.

मी त्यांना सांगितलं, फोन समोर ठेवा आणि एक अख्खी बैठक रेकॉर्ड करून पाठवा, काही कापू नका. ते चांगलेच ओशाळले. म्हणाले, "त्यात ऐकण्यासारखं काही नाही, मॅडम."

रेकॉर्डिंग 1 तास 12 मिनिटांचं होतं. मी वही घेऊन बसले. पहिली 9 मिनिटं तारा लावण्यात आणि स्टूल सरकवण्यात गेली. पुढची 14 मिनिटं सी मेजरची स्केल, म्हणजे सुरांचा आरोह-अवरोह, दोन सप्तकं, वरखाली. स्केलचा आवाज इतका सपाट होता की हे बाजूला चाललेल्या मालिकेकडे बघत वाजवतायत, याची मला खात्री पटली. (नंतर विचारलं. बघतच होते.) बाकी सगळा वेळ 'लाग्रिमा'. मी प्रत्येक सुरुवातीला वहीत एक रेघ मारत गेले. एकूण 43 रेघा. त्रेचाळीस वेळा त्यांनी पीस अगदी पहिल्या सुरापासून सुरू केला होता. आठव्या मेझरपर्यंत पोहोचले सहा वेळा. मायनर भाग वाजला दोनदा, तोही शेवटच्या दहा मिनिटांत, हात आणि मन दोन्ही थकल्यावर.

त्या 43 पैकी 29 वेळा ते तिसऱ्या मात्रेवर अडखळले. अडखळले की तोंडाने 'च्' करायचे आणि परत पहिल्यापासून. दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं की तो 'च्' लयीत येतोय, बरोब्बर तिसऱ्या मात्रेवर. आठ महिन्यांत तो त्या रचनेचाच भाग झाला होता. ज्या 14 वेळा ती जागा नीट गेली, त्यातल्या बहुतेक वेळा ते चौथ्या-पाचव्या मेझरमध्ये दुसरीकडे चुकले आणि पुन्हा वर आले. म्हणजे बरोबर गेलेल्या जागेला शाबासकी म्हणून परत पहिलाच जिना चढायला लावायचा.

बोटांना चूक-बरोबर काही कळत नाही. जे जास्त वेळा होतं, ते त्यांना रस्ता म्हणून पाठ होतं. या माणसाची बोटं रोज रात्री अडखळायचा 29 वेळा सराव करत होती आणि न अडखळण्याचा 14 वेळा. मग रविवारी माझ्यासमोर काय येणार?

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडून फक्त पहिलं मेझर वाजवून घेतलं आणि स्वतः त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. दोष तिथून दिसला. समोर बसून तो दिसलाच नसता.

या मेझरमध्ये काय आहे ते सांगते, कारण सगळं प्रकरण या हातभर जागेतलं आहे. पहिल्या तारेवर चाल चढत जाते: चौथा फ्रेट (फ्रेट म्हणजे पट्टीवरच्या आडव्या धातूच्या रेघांमधला खण), पाचवा, सातवा. तिच्याच जोडीने चौथ्या तारेवर खालचा सूर चढतो: दुसरा फ्रेट, चौथा, सहावा. दोन्ही तारा एकदम छेडायच्या आणि प्रत्येक जोडीनंतर दुसरी तार मोकळी वाजवायची. आम्ही ठेवलेली बोटं अशी: पहिल्या तारेवर तिन्ही वेळा करंगळी, चौथ्या तारेवर आधी मधलं बोट, मग दोन्ही वेळा अनामिका. पहिल्या जोडीत दोन बोटांमध्ये दोन फ्रेटचं अंतर, पुढच्या दोन जोड्यांत एकाच फ्रेटचं. म्हणजे दुसऱ्या जोडीकडून तिसरीकडे जाताना पंजाचा आकार तोच राहतो, फक्त दोन फ्रेट वर सरकायचं. खरं तर हा भाग सर्वांत सोपा.

आणि गृहस्थ अडत होते तिथेच. कारण गिटारच्या मानेमागचा डावा अंगठा. तो दुसऱ्या फ्रेटच्या मागे असा घट्ट रुतून बसला होता की बोटं सातव्या फ्रेटकडे निघाली तरी हा जागचा हलत नव्हता. म्हणजे दोरीला बांधलेलं वासरू. दोरी संपली की झटका. त्या झटक्यात अनामिका चौथ्या तारेवरून घासत जायची आणि ती गुंडाळलेली तार असल्यामुळे 'क्वीऽक' असा आवाज यायचा. तो ऐकला की ते घाबरायचे, अजून दाबायचे आणि अंगठा अजून रुतायचा. त्यांच्या डाव्या अंगठ्याचं बूड संध्याकाळी दुखतं, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. "वयाचं असेल म्हटलं," म्हणाले. दुखणं ही इतर कशाहीआधी सांगायची गोष्ट आहे. दुखत असताना वाजवत राहणं हा रियाज नव्हे, आणि ते आठवडाभर टिकलं तर गिटारच्या मॅडमना नाही, डॉक्टरांना विचारायचं. यांचं सुदैवाने दाब कमी केल्यावर तीन आठवड्यांत थांबलं.

दाब कमी करायचा सोपा उपाय आहे. बोट तारेवर नुसतं टेकवायचं, तार छेडायची, बद्द आवाज येतो. मग दाब कणाकणाने वाढवायचा: आधी झणझण, मग एका क्षणी सूर स्वच्छ. तिथे थांबायचं. त्याच्यापुढचा सगळा दाब फुकट. गृहस्थ त्याच्या निदान दुप्पट दाबत होते. अकाउंट्सच्या माणसाला फुकट खर्च म्हटलं की लगेच समजतं.

दुसरी चूक नजरेची. ते हलणाऱ्या करंगळीकडे बघत सातव्या फ्रेटपर्यंत जायचे. बघायचं असतं ते पोहोचायच्या जागेकडे, आणि तेही हात निघायच्या आधी. क्लासिकल गिटारच्या पट्टीवर स्टीलच्या गिटारसारखे ठिपके नसतात. काहींना कडेला एखादा असतो, यांच्या गिटारला तोही नव्हता. त्यांनी ऑफिसातला व्हाइटनर आणून सातव्या फ्रेटशी कडेला एक टिंब लावलं. तिसरं, घसरण. करंगळी पहिल्या तारेवर टेकलेलीच ठेवायची, ती साधी नायलॉनची असते, आवाज करत नाही. तिला रूळ करायचं. अनामिका मात्र चौथ्या तारेवरून किंचित उचलून न्यायची.

हे सगळं मी वीस मिनिटांत सांगितलं आणि मोठ्या समाधानाने त्यांना घरी पाठवलं. सोबत नेहमीचा उपाय दिला: मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला 40 ठोक्यांवर लावा, फक्त पहिलं मेझर, सलग पाच वेळा बरोबर आलं की 4 ने वाढवा, चुकलं की मोजणी शून्यापासून.

हा उपाय फसला. आधी मला तो फसलेला कळलाच नाही, कारण गृहस्थ रात्री मेसेज करायचे: "आज 68 ला पाच!" मीही अंगठा पाठवायचे. रविवारी माझ्याकडे बसले की 52 ला सुद्धा धड नाही. चिडले, मीही चिडले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी आणखी एक रेकॉर्डिंग पाठवलं. 35 मिनिटं एकच मेझर. पहिल्या पंधरा मिनिटांत हात खरंच सुधारत होता. मग कंटाळा, मग चौथ्या बरोबर खेपेनंतर पाचवीची धास्ती, मग चूक, मग शून्य. ते सूर वाजवत नव्हते, आकडा वाजवत होते. शेवटी 68 ला पाच खेपा मिळायच्या खऱ्या, पण त्या पस्तीस मिनिटांच्या उष्णतेतल्या. सकाळी तवा गार.

ही गोष्ट संगीताबाहेरच्या लोकांनीही पूर्वीच मोजून ठेवली आहे. 1979 मध्ये शे आणि मॉर्गन या दोघांनी हाताच्या हालचाली शिकवण्याचा प्रयोग केला. एक गट एकच हालचाल सलग करायचा, मग दुसरी. दुसरा गट सगळ्या हालचाली सरमिसळ करायचा. शिकताना पहिला गट पुढे होता. काही दिवसांनी तपासलं तर दुसरा. सलग करताना जे 'आलं' वाटतं, ते बरंचसं त्या क्षणापुरतं असतं. मला हे वाचून माहीत होतं. माहीत असणं आणि रविवारच्या पाऊण तासात ते सुचणं यात अंतर आहे.

जुलैच्या शेवटी आम्ही सगळं मोडून नवीन मांडलं. सव्वा तास बंद. सकाळी निघण्याआधी 25 मिनिटं आणि रात्री 10. सकाळचं घराला चालेल का, हा प्रश्न होता. मुलगी दहावीला, आई पहाटे जपाला बसतात. तो सुटला पायमोज्याने. ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगाला बांधलेल्या असतात तिथे, तारांखाली पायमोजा घडी करून सरकवला की आवाज बसतो, हाताला मात्र सगळं कळतं. आईंनी दोन दिवसांनी विचारलं म्हणे, गिटार आजारी आहे का.

पीसमधून पाच जागा काढल्या. पहिलं मेझर ही एक. मेजर भागातली बार लागणारी जागा, बार म्हणजे आडवं बोट, ही दुसरी. मायनर भागातल्या दोन. पाचवी जागा म्हणजे मायनर संपवून मेजरकडे परतायचा सांधा. तो त्यांनी कधी वाजवलाच नव्हता, कारण तिथपर्यंत ते कधी पोहोचलेच नव्हते. प्रत्येक जागा तीनच मिनिटं, घड्याळ लावून. जमलं असो नसो, तीन मिनिटं झाली की पुढची. क्रम रोज वेगळा. आणि पीस पहिल्यापासून वाजवायला बंदी, फक्त रविवारी माझ्यासमोर एकदा.

या बंदीने ते फार हिरमुसले. "मग मी वाजवू काय? हे सगळे तुकडेच झाले." बरोबर होतं त्यांचं. वाजवण्यातला आनंद काढून घेतला तर माणूस कशाला बसेल? म्हणून रात्रीची दहा मिनिटं मोकळी ठेवली. त्यात 'लाग्रिमा' सोडून काहीही वाजवा, जुनी गाणी वाजवा, नुसते कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, छेडा. हा भाग मी आधी लाड म्हणून दिला होता. आता मला वाटतं, बाकीचं सगळं त्याच्यावरच टिकलं.

वहीचा नियम एकच. सकाळी बसल्यावर प्रत्येक जागेची पहिली खेप, गार हाताने, मोजायची. बरोबर असेल तर टिंब, चूक असेल तर फुली. नंतरच्या खेपा कितीही छान जाऊ देत, वहीत त्यांना जागा नाही. अकाउंट्सच्या माणसाला वही दिली की तो ती ठेवतोच. चार रंगांच्या पेनने ठेवलीन, ते मी सांगितलं नव्हतं.

पण चूक होऊ लागली की काय करायचं, हा खरा प्रश्न उरतोच. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी 17 पियानो विद्यार्थ्यांना एक अवघड तुकडा बसवायला देऊन दुसऱ्या दिवशी तो वाजवून घेतला होता. त्याचा लेख 2009 मध्ये आला. कुणी किती वेळ बसला किंवा किती वेळा वाजवलं, यावरून दुसऱ्या दिवशीचा क्रम ठरत नव्हता. वर आलेल्यांचं वेगळेपण हे की चूक नेमकी कुठे होते ते ते शोधायचे, तिथे वेग उतरवायचे आणि ती जागा बरोबर होईपर्यंत तिथून हलत नसत. चुका त्यांच्याकडूनही व्हायच्या, पण तीच चूक पुन्हा पुन्हा होत नसे. गृहस्थांना मी हा अभ्यास सांगितला तर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "हे तर आमचे गुरुजी करायचे."

मग त्यांनी जे सांगितलं, त्याने मलाच शिकवलं. तबल्यात त्यांना 'धाधा तिट धाधा तीना' हा कायदा (तबल्यातली एक रचना) बसवताना गुरुजींनी पंधरा दिवस नुसता 'तिट' दिला होता. कायदा नाहीच. 'तिट' ठाय, म्हणजे संथ, लयीत, मग बाजूला 'धा' लावून 'धातिट', मग मागचा बोल जोडून. आणि हात लावायच्या आधी पढंत, म्हणजे तोंडाने बोल म्हणायचे. पढंत चुकली तर तबल्याला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणजे ज्या गोष्टी मी त्यांना परदेशी प्रयोगांचे दाखले देऊन पटवत होते, त्या या माणसाच्या हातात वयाच्या दहाव्या वर्षापासून होत्या. गिटार हातात घेताना त्या त्यांनी बैठकीबाहेर चपलांसारख्या काढून ठेवल्या होत्या. कारण हे 'वेस्टर्न'! आणि हे मी कधी विचारलंच नाही.

आम्ही लगेच बोल बसवले. गिटारमध्ये उजव्या हाताच्या बोटांना स्पॅनिशवरून आलेली अक्षरं असतात: अंगठा पी, तर्जनी आय, मधलं एम, अनामिका ए. 'पी-आय-एम-ए' तोंडात नीट बसत नाही. गृहस्थांनी अंगठ्याला 'गे' ठेवलं, तर्जनीला 'कि', मधल्या बोटाला 'ति', अनामिकेला 'ना'. तबल्यात 'गे' आणि 'ना' एकदम वाजले की 'धा' होतो. इथे अंगठा आणि अनामिका एकदम छेडली की तोच 'धा'. मग 'लाग्रिमा'चं पहिलं मेझर म्हणजे काय? धा ति धा ति धा ति. त्यांनी टाळी धरून ते मोठ्याने म्हटलं आणि तिसऱ्या 'धा'ला त्यांचा स्वतःचाच आवाज अडखळला. गिटार भिंतीला टेकवलेली होती. म्हणजे अडखळ बोटांत होती तशी डोक्यातही होती. आठ महिन्यांत तिथे 'च्' लिहिला गेला होता.

तो आधी तोंडातून काढला. चार दिवस सकाळच्या तीन मिनिटांत त्यांनी पहिलं मेझर वाजवलंच नाही, नुसतं म्हटलं. मग डाव्या हाताने सूर न वाजवता नुसता प्रवास: अंगठा सैल, नजर व्हाइटनरच्या टिंबावर, हात नंतर. मग उलटा क्रम, गुरुजींच्या 'तिट'सारखा. आधी फक्त तिसरी जोडी, जागेवर. मग दुसरी आणि तिसरी. मग तिन्ही. मेट्रोनोम यातल्या कशालाच नव्हता, तो सप्टेंबरात परत आला.

लोकलचा उपयोगही पढंतीमुळेच झाला. डोंबिवलीहून सीएसएमटी म्हणजे तास-सव्वा तास, बसायला मिळालं तर नशीब. उभ्या उभ्या वरची कडी धरून ते मनातल्या मनात मायनर भाग वाजवायचे: कुठली तार, कुठला फ्रेट, कुठलं बोट. एखाद्या ठिकाणी चित्र पुसट होई, नेमकं कुठलं बोट ते आठवत नसे. ती जागा सकाळी वाजवतानाही कच्चीच निघायची. घाटकोपरला अडलं की घरी येऊन कागद बघायचा, अंदाजाने पुढे जायचं नाही, एवढी एक अट. मला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा सराव वाटतो. मुलांना सांगितला तर ती माझ्याकडे मी वेडी असल्यासारखं बघतात.

स्केलवरून मात्र आमचा वाद झाला. आंद्रेस सेगोव्हिया या नामवंत स्पॅनिश गिटारवादकाने 1953 च्या स्केलच्या पुस्तिकेत रोज दोन तास स्केल करायला सांगितलंय, हे गृहस्थांनी कुठेतरी वाचलं होतं. सांगितलंय खरं. पण ज्याचं पोट आणि दिवस दोन्ही गिटारचे, त्याच्यासाठी ते ठीक. ज्याच्याकडे 25 मिनिटं आहेत त्याने मालिका बघत 14 मिनिटं सी मेजर वरखाली करू नये. आम्ही स्केल पूर्ण काढली आणि तिच्या जागी जुलियानी या जुन्या इटालियन गिटारवादकाच्या ओपस 1 या पुस्तकातल्या 120 आर्पेजिओंपैकी (आर्पेजिओ म्हणजे कॉर्डचे सूर एकेक करून छेडणं) रोज एक, दोन मिनिटं. डावा हात सी आणि जी सेव्हन या दोनच कॉर्डवर असतो, त्यामुळे सगळं लक्ष उजव्या हाताला देता येतं. तेही पढंत करूनच. गे कि ति ना ति कि. मला ते ऐकायला फार गोड वाटायचं. माझी इतर मुलं दाराबाहेर उभी राहून हसायची.

पावसाळ्यात एक आठवडा वाया गेला तो नखामुळे. क्लासिकल गिटारला उजव्या हाताची नखं थोडी राखावी लागतात, आणि तबल्याची सवय असलेल्याला ती कापल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांनी अनामिकेचं नख सवयीने मुळापर्यंत कापलं आणि 'ना' गेला. आठवडाभर फक्त डावा हात.

वहीचं सांगते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पहिल्या मेझरच्या सहा गार खेपांपैकी सहाही फुल्या. दुसऱ्या आठवड्यात पाच. मग तीन आठवडे काहीच हललं नाही, तीन-चार फुल्या ठरलेल्या. त्या काळात रोजची बैठक त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होती: "पूर्वी रात्री निदान एकदा तरी छान यायचं." सोडून द्यायची वेळ तीच होती, आणि त्यांनी सोडलं नाही ते वहीमुळे, कारण मायनरच्या दोन्ही जागांवर तोवर टिंबं भरू लागली होती. त्या जागांवर जुना चुकीचा रस्ताच नव्हता. आठ महिने दुर्लक्ष झालेली जागा पाच आठवड्यांत बसली, आणि आठ महिने घोटलेली बसेना. नवीन शिकवण्यापेक्षा पुसणं किती महाग असतं, हे मला त्या दोन रकान्यांनी दाखवलं तितकं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी पहिल्या मेझरला सहापैकी पाच टिंबं. ऑक्टोबरात बंदी उठवली. पीस पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचा, दिवसातून एकदाच, आणि चुकलं तरी थांबायचं नाही. हे थांबायचं नाही त्यांना सगळ्यात जड गेलं. थांबून दुरुस्त करणं आणि न थांबता निभावून नेणं हे दोन वेगळे सराव आहेत आणि दोन्ही लागतात, पण एकाच वेळी करता येत नाहीत. पहिल्या खेपेला बारावं मेझर कोसळलं तरी ते पुढे गेले, परतीच्या सांध्यावरून मेजरमध्ये आले, आणि आनंदाच्या भरात शेवटचा सूर चुकले.

दिवाळीत घरी चार माणसं जमली होती, तिथे वाजवला. रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. वेग साधारण 60, माझ्या मते त्या पीसला थोडा संथ. पहिलं मेझर स्वच्छ. दहाव्या मेझरमध्ये एक सूर बद्द. थांबले नाहीत. संपल्यावर टाळ्यांच्या आधी आईंचा आवाज येतो: "अगोबाई, हे एवढंसंच होय!"

नोव्हेंबरात नवीन पीस दिला. मी विचारायच्या आधीच त्यांनी पाच जागा काढून आणल्या, बोलही लिहून आणले. तीन आठवड्यांनी सहज म्हणून एक अख्खी बैठक रेकॉर्ड करायला सांगितली. या वेळी ओशाळले नाहीत, लगेच पाठवली. पहिल्या पंधरा मिनिटांत सगळं ठरल्याप्रमाणे. मग कुठेतरी एक जागा फारच सुरेख गेली आणि तिथून पुढे घड्याळ लावल्याचा आवाज येईनासा झाला. मी वही उघडली. पहिल्यापासून सुरुवात: नऊ वेळा. नवव्या वेळी तिसऱ्या ओळीत अडखळले आणि 'च्' केलं.